बिनतिकिटाच्या प्रवाशाचा डबा

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. रेल्वेतही वेगळी बर्थ मागितली नाही तर लागत नाही. सवलत म्हणून हे चांगलंच आहे. पण तिकीट नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून गणती नाही आणि गणती नाही म्हणून भूकही नाही, असा एक हिशेब आपल्या समाजाने परस्पर करून टाकलेला दिसतो. या बिनतिकिटाच्या प्रवाशाला दर दोन-अडीच तासांनी भूक लागते. त्याला तिखट चालत नाही, कडक चावत नाही, आवडीनिवडी भरपूर असतात आणि गाडी कुठे, किती वेळ थांबणार हे त्याच्या पोटाला कळत नाही. त्याच्या खाण्याची सगळी जबाबदारी मात्र एकाच व्यक्तीवर सोपवलेली असते. ती व्यक्ती कोण, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

स्त्रियांच्या हक्कांना वाहिलेल्या अंकात दोन-अडीच वर्षांच्या पोराच्या खाण्याच्या कटकटी कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. हिंसाचार, पोटगी, जमिनीवरचं नाव, मजुरी हे प्रश्न समोर असताना वरण-भाताची चर्चा करायची का? मला वाटतं, करायला हवी. कारण बाई घराबाहेर पडते तेव्हा, म्हणजे कोर्टात, दवाखान्यात, पंचायत समितीत, प्रशिक्षणाला, मोर्चाला किंवा नुसतीच माहेरी निघते तेव्हा तिच्या कडेवर हा प्रश्न बसलेला असतो. त्याचं उत्तर सापडलं नाही की ती निघतच नाही. बाईच्या फिरण्यावर बंधन घालायला दरवेळी उंबरठ्यावर सासरा उभा असावा लागतो असं नाही. ‘पोराच्या खाण्याचे हाल होतील’ एवढं एक वाक्यही पुरतं.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना आम्ही बालविकास शिकलो आणि स्त्री-प्रश्नही शिकलो, पण दोन वेगवेगळ्या पेपरांत. एकात आई ‘आहार देणारी’ होती, दुसऱ्यात ती ‘हक्क मागणारी’ होती. कामाला लागल्यावर दोघी एकाच बाकावर बसलेल्या दिसल्या. मी ज्या समुपदेशन केंद्रात काम करते ते तालुक्याच्या गावी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली किंवा पोटगीसाठी अर्ज केलेल्या बायका तारखेच्या दिवशी आमच्याकडे टेकतात. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालेल्या, संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या. त्यांतल्या निम्म्याजणींच्या कडेवर वर्ष-दोन वर्षांचं मूल असतं. दिवसभरात त्या मुलाच्या पोटात काय जातं? स्थानकावर अर्धा कप चहा, त्यात बुडवलेली बिस्किटं, कोर्टाच्या आवारात वड्यातला बटाटा, दुपारी रंगीत सरबत, परतीला पुन्हा बिस्किटं. पुढची तारीख पडते, पुन्हा तोच दिवस.

एकदा समेटाच्या बैठकीत सासरची मंडळी म्हणाली, “हिला पोराला धड जेवूही घालता येत नाही. पुडे फोडून हातात देते. मूल आमच्याकडे द्या.” हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर ती ‘नालायक आई’ आहे हे दाखवायचं होतं. ज्याने पोटगी थकवली म्हणून त्या मुलाला दर महिन्याला हा प्रवास करावा लागतो, त्या बापाच्या हातात बिस्किटाचा पुडा कुणी पाहिला नव्हता. पुडा दिसला तो आईच्या हातात. माझ्या दृष्टीने या विषयाचं गांभीर्य इथे आहे. मुलाचं खाणं ही आईची रोजची परीक्षा असते. प्रवासात ती चारचौघांत होते आणि तिचा निकाल कधी कधी कोर्टापर्यंत जातो.

मूल खात नाही म्हणजे काय होतं?

आधी मुलाच्या बाजूने पाहू. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ नऊ किलोचं होतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढ मंदावते, त्यामुळे भूकही मंदावते. ‘पूर्वी वाटीभर खायचा, आता दोन घास खाऊन तोंड फिरवतो’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा तो आजार नसतो, लाडावलेपणही नसतं. शरीराचा हिशेब बदललेला असतो. वजन घटत असेल, मूल मलूल असेल, तर अर्थातच डॉक्टरांना दाखवायला हवं.

याच वयात नवा पदार्थ पाहून तोंड घट्ट मिटण्याची सवय येते. मूल नुकतंच चालायला लागलेलं असतं, हाती येईल ते तोंडात घालू शकतं. अशा वेळी अनोळखी चवीचा संशय येणं हे निसर्गाने दिलेलं संरक्षणच असावं, असं अभ्यासक मानतात. एखादी भाजी मुलाने स्वीकारावी म्हणून ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, जबरदस्ती न करता समोर ठेवावी लागते. आता विचार करा, ज्या मुलाला घरच्या ताटात, ओळखीच्या वाटीत, आजीच्या मांडीवर बसूनही नवी भाजी नको असते, ते मूल हलणाऱ्या गाडीत, डिझेलच्या वासात, अनोळखी माणसांच्या गर्दीत ती कशी खाईल? प्रवासात मूल जास्त हट्टी होत नाही, जास्त धास्तावतं. आपल्या ओळखीचं एवढंच त्याला हवं असतं.

म्हणून प्रवास ही नवं खायला शिकवण्याची जागा नव्हे. तिथे ओळखीचं, साधं आणि थोडं थोडं द्यावं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेला एक विचार मला फार उपयोगी वाटतो. त्या म्हणतात की खाण्याच्या बाबतीत मोठ्यांची आणि मुलांची कामं वाटलेली असावीत. काय द्यायचं, केव्हा आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने ठरवावं. श्रमविभागणीवर आपण इतकं बोलतो, ही विभागणीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘संपवलाच पाहिजेस’ म्हणून नाक दाबून घास कोंबणं, मोबाईलवर चित्रं लावून मुलाला कळू न देता भरवणं, यात मुलाच्या शरीरावरचा त्याचा हक्क आपण काढून घेतो. ‘नको’ म्हणजे नको, हे आपण मोठ्यांच्या जगाला शिकवू पाहतो. त्याची सुरुवात दोन वर्षांच्या मुलाच्या मिटलेल्या तोंडापासून करायला काय हरकत आहे?

एखाद्या दिवशी प्रवासात मूल कमी जेवलं तर आकाश कोसळत नाही. निरोगी मूल दुसऱ्या दिवशी भरून काढतं. आईचा जीव वरखाली होतो तो मुलाच्या भुकेने जितका, तितकाच समोरच्या बाकावरच्या नजरांनी.

पण याचा अर्थ काहीही दिलं तरी चालतं असा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरा मुलांना पुरेसा आणि योग्य आहार मिळतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या सदुसष्ट मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा मुलाला प्रवासात ‘बरं वाटेल’ म्हणून चहा देतात, तेव्हा अन्नातलं लोह अंगी लागायला तो चहा अडथळाच करतो. बिस्किटात असतात मैदा, साखर आणि तेल. त्याने भूक मरते, पण पोषण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालच्या मुलांना साखर घातलेली पेयं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. स्थानकावर मात्र मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर नेमकी तीच लटकलेली असतात.

डब्यात काय असावं?

गटातल्या बायकांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. पुस्तकांतले ‘पौष्टिक पदार्थ’ बहुधा फ्रीज आणि मिक्सर असलेल्या घरातले असतात. आपल्या आज्या-पणज्या मात्र बैलगाडीने, पायी, वारीला, जत्रेला मुलं घेऊन जातच होत्या. त्यांच्या शिदोरीत बरंच शहाणपण आहे.

दशमी घ्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलेलं, म्हणून मऊ राहते आणि दिवसभर टिकते. धपाटे आणि थालीपीठ मुलासाठी बिनतिखटाचे वेगळे थापावेत. भाजणीत डाळी आणि धान्यं एकत्र असतात, त्यामुळे नुसत्या पोळीपेक्षा ती सरस. सातूचं पीठ तर प्रवासासाठीच जन्माला आलं आहे. गहू आणि डाळं भाजून केलेलं, त्यामुळे पुन्हा शिजवायला नको. गरम पाणी किंवा दूध आणि चिमटीभर गूळ घातला की दोन मिनिटांत वाटीभर खाणं तयार. मऊ भात कुठे मिळालाच तर सोबत नेलेलं मेतकूट आणि थोडं तूप त्यावर घालता येतं. नाचणीचं सत्त्व गरम पाणी असेल तिथे कामाला येतं. राजगिऱ्याचा लाडू कुस्करून देता येतो. गूळही बेतानेच, कारण शेवटी तोही गोडच. शेंगदाण्याचं कूट पोळीत घालून द्यावं.

आणि केळं! धुवायला नको, चिरायला नको, आतला गर कुणाचा हात न लागलेला, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्थानकाबाहेर मिळणारं. उकडलेलं अंडं सालासकट न्यावं आणि सकाळचं सकाळीच संपवावं.

काही गोष्टी टाळाव्यात. दहीभात, खिचडी, वरण-भात हे ओलसर पदार्थ उन्हाळ्यात दोन तासांच्या पुढे डब्यात राहू देऊ नयेत. दूध बाटलीत भरून दुपारपर्यंत पुरवत बसू नये. बाटली आणि बूच नीट उकळता येत नसतील तर वाटी-चमचाच बरा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरं, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. त्यात गाडीने गचका दिला तर धोका आणखी. चालत्या गाडीत मुलाला बसवूनच भरवावं, पळताना किंवा हसताना घास देऊ नये. घाट लागणार असेल तर आधी पोटभर तेलकट खाऊ घालू नये. थोडी कोरडी दशमी पुरे. पिशवीत एक साबणाची वडी, एक स्वच्छ फडकं आणि ओआरएसची दोन पाकिटं असावीत. जुलाब लागले तर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात कालवून, चमच्या-चमच्याने द्यावं. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावं. दोन वर्षांपर्यंतचं मूल अंगावर पीत असेल तर आईचं दूध हाही प्रवासातला आहारच आहे. ताजा, निर्धोक, बिनखर्चाचा. त्याची लाज आईला वाटू नये, इतरांनी तिला वाटायला लावू नये.

डबा कोणाचा?

एवढं सगळं लिहून थांबले असते तर हा लेख कुठल्याही पाककृतींच्या पुरवणीत शोभला असता. पण वरची यादी पुन्हा वाचा आणि मोजा. भाजणी आधीच्या आठवड्यात, दशम्या पहाटे चारला, अंडी, पाणी उकळणं, थर्मास, फडकं, साबण. हे काम कोण करणार? सल्ला जितका चांगला, तितकं आईचं काम वाढत जातं. ‘घरचंच खाऊ घाला’ हे वाक्य उच्चारायला सोपं आहे. ज्या घरात दोन्ही वेळची चूल तीच पेटवते, त्या घरात त्या वाक्याचा अर्थ ‘आणखी एक तास आधी उठ’ एवढाच होतो.

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. आम्ही दोघं तिला घेऊन बरेचदा रेल्वेने जातो. तिला भरवण्याची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. नवऱ्याची पाळी असते तेव्हा डब्यातल्या बायका कौतुकाने पाहतात. “किती सांभाळतात हो! नशीबवान आहात.” माझी पाळी असते तेव्हा त्याच बायका मला सल्ले देतात. पोळी दुधात कुस्करा, हात धरून भरवा, वजन कमी वाटतं, जंताचं औषध दिलं का? तोच डबा, तीच पोळी, तीच मुलगी. बापाने भरवलं तर उपकार, आईने भरवलं तर त्यात खोट. या कौतुकाचा मला सल्ल्यांपेक्षा जास्त राग येतो, कारण ते ऐकून पुरुषाला वाटतं की आपण दुसऱ्याचं काम केलं.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. बायका घराबाहेर पडू लागल्या, ही फार मोलाची गोष्ट. पण त्याची एक बाजू मी आमच्याकडे येणाऱ्या घरांत पाहते. दवाखान्याची, दाखल्याची, नातेवाइकांकडची कामं आता ‘तूच जाऊन ये, तुझं अर्धं तिकीट आहे’ म्हणून तिच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर मूलही आलं, कारण त्याचं तर तिकीटच नाही. तिकीट अर्धं झालं, काम दुप्पट झालं. पुरुष एकटा प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्या हातात फक्त पिशवी असते. मूल बरोबर घेऊन निघालेला एकटा बाप एसटीत किती वेळा दिसतो, हे येत्या प्रवासात प्रत्येकीने मोजून पाहावं.

हिरकणीचं कौतुक पुरे

एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ आहेत. सोय चांगली आहे, ती टिकली आणि वाढली पाहिजे. पण नावाचा विचार करू. हिरकणीची आख्यायिका आपल्याला शाळेपासून माहीत आहे. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि काळोखात कडा उतरून गेलेली आई. आपण शतकानुशतकं त्या कडा उतरण्याचं कौतुक करतो. त्या रात्री बाळाच्या आईसाठी दरवाजा का उघडला नाही, हा प्रश्न गोष्टीत कुणी विचारत नाही. आईने जीव धोक्यात घालावा आणि आपण तिच्या नावाने बुरूज बांधावा, ही आपली जुनी रीत आहे. मला वाटतं, बुरूज पुरे झाले, आता दरवाजे उघडायला हवेत.

कक्ष दूध पाजण्यापुरता आहे. मूल वर्षाचं झालं, घास खाऊ लागलं की त्याच्यासाठी काय? २०१६ मध्ये रेल्वेने ‘जननी सेवा’ या नावाने स्टेशनांवर बाळांसाठी दूध, गरम पाणी आणि बाळआहार मिळण्याची योजना सुरू केली. म्हणजे ही गरज सरकारला मान्य आहे. मग ती प्रत्येक स्टेशनावर आणि प्रत्येक बस स्थानकावर पाळली जावी, एवढीच आपली मागणी. मागण्या मोठ्या नाहीत. पिण्याचं स्वच्छ पाणी आणि फुकट गरम पाणी. हात धुवायला साबण. मुलाला मांडीवर घेऊन भरवता येईल असा, कोणालाही, बापालाही बसता येईल असा सावलीतला बाक. उपाहारगृहात बिनतिखटाचा मऊ भात आणि वरण. स्थानकाच्या आवारात केळी आणि उकडलेली अंडी विकायला जागा, आणि ती जागा स्थानिक बचत गटाला. लांब पल्ल्याच्या गाडीने जेवणासाठी थांबताना मुलाला भरवून होईल एवढा वेळ. यात कशालाही फार पैसा लागत नाही. ‘हा प्रश्न आईचा खासगी आहे’ ही समजूत मात्र सोडावी लागेल.

सहा महिन्यांचा प्रवास

काही मुलांचा प्रवास एका दिवसाचा नसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्या कोयत्याबरोबर दोन वर्षांचं मूलही जातं, पण ते मुकादमाच्या हिशेबात नसतं. आई पहाटे उजाडायच्या आधी भाकरी थापून फडात जाते. मूल पाचटावर बसून सकाळची वाळलेली भाकरी चघळतं किंवा उसाचं कांडं चोखतं. इथे ‘खाण्याचे नखरे’ हा शब्द तोंडात येता येत नाही. मऊ, ताजं आणि वेळेवर मिळणारं अन्न नसतं, म्हणून मूल खात नाही. ते हट्टी नसतं, उपाशी असतं.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला वयानुरूप आहार स्थानिक अंगणवाडीतून विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. या वाक्यातला ‘स्थानिक’ हा शब्द आपण धरून ठेवला पाहिजे. मूल जिथे आहे तिथलं ते स्थानिक. गावच्या अंगणवाडीच्या वहीत नाव आणि कारखान्याच्या तळावर मूल, या फटीत त्याचा आहार हरवता कामा नये. हंगाम सुरू होण्याआधी गावच्या सेविकेकडून नोंद घ्यावी, तळ पडला की तिथल्या अंगणवाडीत ती दाखवून आहार मागावा, आणि तळ लांब असेल तर अंगणवाडीच तळावर आणण्यासाठी कारखाना आणि प्रकल्प कार्यालय यांच्याकडे लेखी मागणी करावी. ज्या भागात आपले गट आहेत तिथे हे काम आपल्याला करता येण्यासारखं आहे. मात्र ते आधीच वाकलेल्या अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर फुकटात टाकू नये. तिच्या मानधनाची मागणी आणि मुलाच्या आहाराची मागणी एकाच निवेदनात लिहावी.

आणि आपल्या शिबिरांचं काय?

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या घरातही डोकावू. आपली शिबिरं, मेळावे, प्रशिक्षणं आठवून पाहा. सकाळी हिरव्या मिरचीचे पोहे, अकरा वाजता चहा-बिस्कीट, जेवण पत्रिकेत एकला आणि प्रत्यक्षात अडीचला, कारण पाहुण्यांचं भाषण लांबतं. भाजी झणझणीत. दोन वर्षांच्या मुलाने त्यातलं काय खावं? त्याची आई मग मागच्या दाराने बाहेर जाते, आचाऱ्याकडे थोडा कोरडा भात मागते, त्यात पाणी कालवते, आणि नेमकं ‘निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग’ हे सत्र चुकवते. पुढच्या शिबिराला ती येत नाही. आपण अहवालात लिहितो, ‘तरुण महिलांचा प्रतिसाद कमी.’

माझं म्हणणं इतकंच आहे की प्रत्येक कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात मुलांच्या खाण्याची आणि सांभाळण्याची ओळ स्वतंत्र असावी, ‘किरकोळ’मध्ये दडवलेली नसावी. निमंत्रणाच्या पत्रातच विचारावं की किती मुलं येणार, किती वयाची, काय खातात. साडेअकराला त्यांच्यासाठी बिनतिखटाचं मऊ वरण-भात तयार असावं, मग पाहुणे कितीही लांबोत. केळी आणि गरम पाणी दिवसभर असावं. पाळणाघर सांभाळायला कार्यकर्त्या मैत्रिणींनाच बसवू नये. आपल्याबरोबर काम करणारे जे पुरुष कार्यकर्ते समतेवर सुंदर बोलतात, त्यांनी मुलांना भरवावं. एका दुपारी पाच मुलांना भरवून पाहिल्यावर त्यांच्या भाषणात जो फरक पडेल तो ऐकण्यासारखा असेल.

कोणी म्हणेल, आधीच निधी नाही, त्यात हे कुठून? पन्नासजणींच्या शिबिरात दहा मुलांसाठी वरण-भात आणि केळी यांचा खर्च व्यासपीठावरच्या फुलांच्या गुच्छांहून जास्त नसतो. गुच्छ कमी करू.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. आपल्या गावच्या स्थानकावर गरम पाणी आहे का, साबण आहे का, मुलाला घेऊन बसायला बाक आहे का, हे दोघी-तिघींनी जाऊन पाहा. नसेल तर आगार व्यवस्थापकांना निवेदन द्या, पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा विचारा. बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्या आईला मात्र तेवढं बोलू नका. तिच्या शेजारी बसा, मूल थोडा वेळ मांडीवर घ्या आणि तिला दोन घास निवांत खाऊ द्या. ती सकाळपासून जेवलेली नसते, हे आपल्या कुणाच्या लक्षातच येत नाही.